एका वेताची पिल्लं, पण रूप निरनिराळं

जातिवंत कुत्र्यांचं रूप, आकार आणि वाढ याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमची लॅब्रॅडोर मादी काळी, नरही काळाच. आठ पिल्लं झाली, त्यांत चार काळी, दोन चॉकलेटी आणि दोन पिवळी. नराच्या मालकाचं म्हणणं, मादीला दुसरा कुत्रा लागला असणार. वंशावळीच्या कागदांना मग अर्थ काय राहिला?

उत्तर : रंगावरून तरी ही शंका टिकत नाही. लॅब्रॅडोरचा रंग मुख्यतः दोन जनुकांवर ठरतो. पहिलं जनुक टीवायआरपी१. केसांतलं गडद रंगद्रव्य काळं राहणार की तपकिरी होणार, हे ते ठरवतं. दुसरं एमसी१आर. ते गडद रंगद्रव्य मुळात केसांत उतरणार की नाही, हे त्याच्या हाती असतं. उतरलंच नाही तर कुत्रा पिवळा दिसतो, मग पहिलं जनुक काहीही सांगत असो.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. काळा रंग प्रभावी, चॉकलेटी आणि पिवळा सुप्त. म्हणजे दिसायला काळाकुळकुळीत असलेला कुत्रा चॉकलेटी आणि पिवळा हे दोन्ही रंग लपवून वागवत असू शकतो. असे दोघे एकत्र आले की दर सोळा पिल्लांमागे सरासरी ९ काळी, ३ चॉकलेटी आणि ४ पिवळी होतात. तुमचा ४-२-२ हा आकडा त्याच्या अगदी जवळ जातो. आई-बाप दोघांमध्ये दोन्ही सुप्त रंग होते, एवढंच यावरून सिद्ध झालं.

पिवळ्या पिल्लांची नाकं आणि पापण्यांच्या कडा पाहून ठेवा. नाक काळं असेल तर पिल्लू काळा रंग वागवतंय. नाक यकृताच्या रंगाचं असेल तर ते चॉकलेटी प्रती वागवणारं पिवळं आहे. ही पारख लहान वयातच करावी, कारण पुष्कळ पिवळ्या लॅब्रॅडोरांचं काळं नाक वयानुसार किंवा ऋतूनुसार फिकं पडतं.

शंका कधी घ्यावी? दोन पिवळ्या लॅब्रॅडोरांना काळं पिल्लू झालं, किंवा दोन चॉकलेटींना काळं झालं, तर जरूर घ्यावी. एका वेतात दोन बाप असणंही शक्य असतं. मादी अनेक दिवस माजावर असते आणि तेवढ्यात दोन नर लागले तर काही पिल्लं एकाची, काही दुसऱ्याची होतात. म्हणून पितृत्वाची डीएनए तपासणी करायची झाली तर एका पिल्लावर भागत नाही, प्रत्येकाची वेगळी करावी लागते. गालाच्या आतून बोळ्याने नमुना घेण्याआधी पिल्लू किमान तासभर आईपासून आणि भावंडांपासून दूर ठेवा. तोंडात आईचं दूध किंवा भावंडाची लाळ असली तर निकाल बिघडतो.

कागदांच्या अर्थाबद्दल : वंशावळ सांगते पूर्वज कोण होते. त्यांच्यातलं काय काय कोणत्या पिल्लात उतरलं, हे सांगणं तिचं कामच नाही.

प्रश्न : चिवावा दोन किलोचा आणि ग्रेट डेन सत्तर किलोचा. तरी दोघांना एकच प्राणी कसं म्हणायचं?

उत्तर : दोघांच्या पेशींत ७८ गुणसूत्रंच आहेत आणि त्यांचा संकर होऊ शकतो. प्रजात एकच आहे. फरक पडतो तो मोजक्या जनुकांमुळे. माणसाची उंची हजारो जागी झालेल्या बारीक बारीक फरकांची बेरीज असते. कुत्र्यांत मात्र वीसेक जनुकं आकारातला बराचसा फरक समजावून सांगतात. त्यांतलं सर्वांत वजनदार आयजीएफ१. वाढीला चालना देणाऱ्या एका संप्रेरकाचं प्रमाण त्यावर ठरतं, आणि छोट्या जातींत त्याचा 'लहान' प्रकार जवळजवळ सगळीकडे सापडतो. हा संबंध २००७ मध्ये उघड झाला. पुढे २०२२ मध्ये आणखी नवल कळलं. लहान आकाराशी निगडित असलेला बदल सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या सायबेरियातल्या लांडग्यातही होता. म्हणजे तो माणसाने घडवला नाही, होता तो निवडला.

निवडीचा हा वेग फार मोठा आहे. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारं आणि त्यांची मानकं ठरवणारं लंडनचं केनेल क्लब १८७३ मधलं, त्याच कामाची एफसीआय ही आंतरराष्ट्रीय संघटना १९११ मधली. आज दिसणारी बहुतेक जातींची घट्ट, साचेबंद रूपं त्याच सुमारास बांधली जाऊ लागली. थोड्या जनुकांवर एवढा जोर दिल्याने पाचपन्नास पिढ्यांत आकार हवा तसा वळवता येतो. त्याची किंमतही असते. मोठ्या जातींचं आयुष्य लहान जातींपेक्षा कमी असतं, आणि हे बहुतेक सस्तन प्राण्यांच्या नियमाच्या उलटं आहे.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडोर नर सहा महिन्यांचा आहे, वजन २१ किलो. त्याच वयाचा ओळखीतला दुसरा २८ किलोचा आहे. आमचा खुरटला का? खाणं वाढवावं का?

उत्तर : खाणं वाढवू नका. आधी हात लावून पाहा.

वयात आलेल्या लॅब्रॅडोर नराचं वजन साधारण २९ ते ३६ किलो. सहाव्या महिन्याला पिल्लू त्याच्या सुमारे दोन-तृतीयांशापर्यंत आलेलं असतं, म्हणजे वीस ते चोवीस किलो. तुमचा कुत्रा बरोबर रांगेत आहे. २८ किलोवाला एकतर फार मोठ्या बांध्याच्या घराण्यातला असेल, नाहीतर लठ्ठ. दुसरी शक्यता आम्हाला जास्त वाटते.

मानकांतही फरक आहे. ब्रिटिश मानक नराची उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर सांगतं, अमेरिकन मानक ५७ ते ६२ पर्यंत जाऊ देतं. शिवाय प्रदर्शनाच्या घराण्यातले लॅब्रॅडोर रुंद, भरलेले आणि आखूड पायांचे, तर कामाच्या घराण्यातले सडपातळ, लांब पायांचे. कागद दोघांचेही अस्सल. तेव्हा तुलना करायचीच तर आई-बापाशी करा, शेजाऱ्याशी नको.

हाताची परीक्षा अशी. कुत्रा उभा असताना दोन्ही तळवे बरगड्यांवर सपाट ठेवून हलके फिरवा, दाबू नका. आता स्वतःचा हात पालथा धरून बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर अंगकाठी योग्य. मूठ वळल्यावर तीच हाडं जशी टोचतात तशा लागल्या तर कुत्रा रोड आहे. तळहाताच्या गादीसारखं मऊ लागलं आणि बरगड्या शोधाव्या लागल्या तर चरबी चढली आहे. वरून पाहताना बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसावी, बाजूने पाहताना पोट मागे वर चढत गेलेलं दिसावं. अंगकाठीच्या नऊ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर (पहिली अगदी रोड, नववी फार लठ्ठ) वाढत्या पिल्लाला चौथी-पाचवी पायरी चांगली.

दर आठवड्याला, एकाच वेळी, उपाशीपोटी वजन करा आणि आलेख काढा. एक आकडा काही सांगत नाही, रेघ सांगते. वॉल्थम संस्थेने २०१७ मध्ये वयात आल्यावरच्या अपेक्षित वजनानुसार पिल्लांच्या वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. ४० किलोपर्यंतच्या जातींना ते वापरता येतात. पिल्लू तक्त्यातल्या खालच्या रेघेवर असलं तरी तीच रेघ धरून चाललं तर काळजी नाही. दोन रेघा ओलांडून वर किंवा खाली सरकलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

"भुकेला दिसतो" हा पुरावा लॅब्रॅडोरबाबत धरू नये. सुमारे पाव लॅब्रॅडोरांत पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. ही गोष्ट २०१६ मध्ये कळली. अशा कुत्र्याला खाऊनही पोट भरल्याचं नीट जाणवत नाही. आणि कमी खाण्याने नुकसान होतं का? ४८ लॅब्रॅडोरांच्या जोड्या लावून, एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं जन्मभर देऊन अभ्यास झाला आहे. कमी खाणाऱ्यांपैकी निम्मे १३ वर्षांहून जास्त जगले, दुसऱ्यांपैकी निम्मे ११.२ वर्षांहून. सांध्यांची झीजही त्यांच्यात उशिरा सुरू झाली. मात्र ते खाणं प्रमाणात कमी होतं, सत्त्वांत कमी नव्हतं.

प्रश्न : पिल्लाचे पंजे मोठे असले की कुत्रा मोठा होतो, हे खरं का?

उत्तर : अर्धवट. मोठ्या जातींची पिल्लं पंज्यांनी मोठी असतात हे खरं, पण एकाच वेतात मोठ्या पंज्याचं पिल्लू सर्वांत मोठं निघेलच असं नाही. आई-बापाची मोजलेली उंची हा त्याहून कितीतरी भरवशाचा अंदाज. दुसरा अंदाज वयावरून घेता येतो. छोट्या जाती साडेतीन ते चार महिन्यांत अंतिम वजनाच्या निम्म्यावर येतात, मध्यम जाती चार-साडेचार महिन्यांत, अवाढव्य जाती पाच ते सहा महिन्यांत. त्या वयाच्या वजनाची दुप्पट करा. 'हेवी बोन' म्हणून खपवल्या जाणाऱ्या पिल्लांत जाड हाडापेक्षा जाड चरबी आणि जंतांनी फुगलेलं पोटच जास्त आढळतं.

प्रश्न : ग्रेट डेनचं पिल्लू साडेचार महिन्यांचं आहे, २९ किलो. पुढच्या पायांची मनगटं जाड दिसतात आणि उजवा पंजा बाहेर वळत चालला आहे. सुरुवातीपासून मोठ्या जातींच्या पिल्लांचं तयार खाद्य देतो, वर रोज एक चमचा कॅल्शियमची पावडर. पावडर वाढवावी का?

उत्तर : पावडर आजच बंद करा, आणि याच आठवड्यात दोन्ही पुढच्या पायांचे एक्स-रे काढून घ्या, समोरून आणि बाजूने. एकाच पायाचे काढले तर तुलनेला काही उरत नाही.

आधी कारण समजून घ्या. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू आतड्यातून कॅल्शियम किती शोषायचं यावर नीट नियंत्रण ठेवू शकत नाही. मोठा कुत्रा जास्तीचं बाहेर टाकतो. पिल्लाच्या अंगात मात्र जेवढं पोटात गेलं त्याचा मोठा हिस्सा शिरतोच. शरीर मग हाडांची नेहमीची मोडतोड-बांधणी मंदावतं, आणि हाडांच्या टोकाशी जी कूर्चा वेळेवर हाड व्हायला हवी ती तशीच राहते. ही वाढीची कूर्चा म्हणजेच ग्रोथ प्लेट.

याचा फटका मनगटाला का बसतो, तेही पाहा. कोपर ते मनगट दोन हाडं शेजारी शेजारी वाढतात, रेडियस आणि अल्ना. अल्नाच्या लांबीची सुमारे ८५ टक्के वाढ मनगटाजवळच्या एकाच ग्रोथ प्लेटमधून होते. ही प्लेट इतर प्लेटांसारखी सपाट नसून शंकूच्या आकाराची असते, त्यामुळे बाजूचा धक्काही तिला चिरडतो. तिथे वाढ मंदावली आणि रेडियस वाढतच राहिली, तर अल्ना दोरी ताणून धरल्यासारखी आड येते. रेडियस वाकते आणि पंजा बाहेर फिरतो.

आता तुमच्या चमच्याचा हिशेब. पिल्लू दिवसाला ४०० ग्रॅम खाद्य खातं आणि पिशवीवर कॅल्शियम १.३ टक्के लिहिलं आहे असं धरू. त्यातून मिळाले ५.२ ग्रॅम. कॅल्शियम कार्बोनेटची पावडर चमच्यात साधारण ५ ग्रॅम मावते, तिच्यात कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे आणखी २ ग्रॅम. एकूण ७.२ ग्रॅम, खाद्याच्या १.८ टक्के. पण पिशवीवरचे आकडे ओलाव्यासकट असतात. १० टक्के ओलावा वजा करायला ०.९ ने भागा, उत्तर येतं २ टक्के. वयात आल्यावर ३२ किलो किंवा त्याहून जास्त भरणाऱ्या जातींच्या पिल्लांसाठी अमेरिकेतल्या आफको संस्थेने घातलेली मर्यादा कोरड्या वजनाच्या १.८ टक्के आहे. एका चमच्याने तुम्ही ती ओलांडली. कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं एकमेकांशी प्रमाणही त्याबरोबर बिघडतं.

उलट चूकही होते. नुसतं मांस घालून वाढवलेल्या पिल्लाला कॅल्शियम फारच कमी पडतं, कारण मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. अशा पिल्लाची हाडं पातळ होऊन किरकोळ उडीतही मोडतात. घरचं अन्न द्यायचं असेल तर पशुआहाराच्या तज्ज्ञाकडून मोजून आखलेली पाककृती घ्या, अंदाजाने पावडर शिंपडू नका.

अवाढव्य जातींच्या पिल्लांची मनगटं थोडी गाठाळ दिसतातच, त्यात वावगं काही नाही. पण वळलेला पंजा ही थांबून बघण्याची गोष्ट नव्हे. वाढ शिल्लक असताना अल्ना कापून तो ताण सोडवता येतो आणि पाय बराचसा सरळ येऊ शकतो. वाढ संपल्यावर हाड सरळ करण्याची शस्त्रक्रिया मोठी आणि अवघड. मनगटाच्या वरचा भाग गरम लागत असेल, ताप असेल, पिल्लू उभं राहायला कुरकुरत असेल, तर तो वेगळा आजार असू शकतो आणि त्याला दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबू नये.

बाकी व्यवस्था : दिवसात तीन मोजलेली जेवणं, भांडं सतत भरून ठेवायचं नाही. गुळगुळीत फरशीवर चटई. गाडीतून किंवा पलंगावरून उडी नाही. मऊ, थोड्या उंचसखल जमिनीवर मोकळं खेळणं मात्र चांगलं. नॉर्वेतल्या एका अभ्यासात असं खेळलेल्या पिल्लांना खुब्याचा डिस्प्लेझिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा विकार, कमी झाला, तर तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्यांना जास्त. 'वयाच्या दर महिन्यामागे पाच मिनिटं फिरवा' या प्रचलित नियमाला मात्र संशोधनाचा आधार नाही. पिल्लू मागे पडू लागलं की थांबा, एवढं पुरे.

प्रश्न : जर्मन शेफर्डचे कान चार महिन्यांना उभे राहिले होते, आता पाचव्या महिन्यात एक पुन्हा पडला. चिकटपट्टी लावावी का?

उत्तर : सध्या नको. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ येतात, आणि त्या काळात उभे राहिलेले कान पडणं, एक उभा एक आडवा होणं, दोन्ही टोकं मध्ये झुकणं, सगळं नेहमीचं आहे. एकदा स्वतःहून उभा राहिलेला कान बहुधा पुन्हा उभा राहतो.

तोवर तीन गोष्टी पाहा. कानाला वास, खाज किंवा आत तपकिरी मळ आहे का? दुखरा कान पिल्लू खाली धरतं. चावायला टणक खेळणं आहे का? आणि घरातली मंडळी लाडाने कान चोळत, दुमडत तर नाहीत? मुळाशी असलेली कूर्चा अजून कोवळी असते.

दात पूर्ण येऊनही कान पडलेलाच राहिला तर डॉक्टरांकडून आधार लावून घेता येतो. कानाच्या आतल्या बाजूला मऊ फोम आणि वरून केसांना न ओढणारी कागदी पट्टी, पाच-सात दिवसांनी काढून त्वचा तपासायची. तार किंवा पुठ्ठा घालू नका, त्वचेला जखम होते. आठव्या महिन्यानंतर कान उठण्याची आशा फारशी राहत नाही. प्रदर्शनात तो दोष ठरतो, कुत्र्याला मात्र काही फरक पडत नाही.

प्रश्न : पॉमेरेनियन पाच महिन्यांचा आहे. तोंडावरचे, पायांवरचे केस गेले, अंग विरळ दिसतं. एकदा पूर्ण भादरलं तर दाट येतील का?

उत्तर : भादरू नका, हे ठळक अक्षरांत लिहायला हवं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात पॉमेरेनियनचं मऊ जावळ गळतं आणि काही आठवडे, कधी काही महिने, पिल्लू ओळखू येणार नाही इतकं बेढब दिसतं. आत मऊ लव आणि वर राठ लांब केस असा दुहेरी कोट पूर्ण भरायला दोन वर्षंही लागतात. या जातीत मशीनने अगदी आखूड कापलेले केस पुष्कळदा महिनोन्‌महिने परत येत नाहीत, किंवा ठिगळांनी येतात. केस कापल्याने मूळ दाट होतं ही समजूतच चूक आहे.

खाज, कोंडा, लाली किंवा गोल टक्कल असेल तर मात्र ते जावळ गळणं नव्हे. बुरशी आणि डेमोडेक्स किडा यांसाठी त्वचा खरवडून तपासा. डोकं आणि पाय केसाळ राहून धडावर दोन्ही बाजूंना सारखं टक्कल पडणं, कातडी काळवंडणं, ही लक्षणं सहसा वयात आल्यावर दिसतात आणि त्यांची तपासणी वेगळी असते.

प्रश्न : जर्मन शेफर्डच्या सात पिल्लांपैकी एक आठव्या आठवड्यापर्यंत बाकीच्यांएवढं होतं. आता साडेतीन महिन्यांना ते निम्म्याहून कमी आहे, पण चपळ आहे. अंगावर लोकरीसारखी लव तशीच. काही जण म्हणतात, वेतात एक बारकं असतंच.

उत्तर : वेतातलं बारकं पिल्लू जन्मतःच बारकं असतं. गर्भाशयात जागा आणि रक्तपुरवठा कमी मिळालेला असतो. दूध नीट मिळालं तर ते पुष्कळदा भरून येतं. तुमच्याकडे उलट घडलं आहे. नीट चाललेली वाढ मध्येच अडली.

जर्मन शेफर्डमध्ये अशा वेळी पिट्यूटरी ग्रंथीच्या बुटकेपणाचा विचार आधी करावा. एलएचएक्स३ जनुकातल्या दोषामुळे ही ग्रंथी नीट घडत नाही, आणि वाढीचं संप्रेरक व थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक दोन्ही कमी पडतात. पिल्लू प्रमाणबद्धच पण लहान राहतं, तोंड कोल्ह्यासारखं निमुळतं, जावळ टिकून राहतं, वरचे राठ केस येत नाहीत. पुढे अंगाच्या दोन्ही बाजूंना टक्कल पडतं. दिसायला गोंडस असल्याने याला 'मिनी शेफर्ड' म्हणून विकल्याचीही उदाहरणं आहेत. उपचाराविना असे कुत्रे फार जगत नाहीत, म्हणून तपासणी लवकर हवी.

दोष सुप्त आहे. आई-बाप दोघेही निरोगी दिसणारे वाहक असतील तरच तो उमटतो, सरासरी चारांत एका पिल्लात. डीएनए तपासणी उपलब्ध आहे. पिल्लाची करा आणि दोषी निघालं तर ते आई-बाप पुन्हा एकत्र आणू नका. त्याची निरोगी भावंडं वाहक असण्याची शक्यता तीनांत दोन आहे, त्यांच्या मालकांनाही कळवा. ही तपासणी निर्दोष आली तर जंत, हृदयाचे जन्मदोष, यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी, जन्मजात थायरॉइडची उणीव, या क्रमाने शोध घ्यावा लागतो.

प्रश्न : डाल्मेशियनची पिल्लं पांढरीशुभ्र जन्मली. ठिपके कुठे गेले?

उत्तर : येतील. ही जात पांढरीच जन्मते, दोन आठवड्यांच्या सुमारास ठिपके उमटू लागतात आणि पुढे कित्येक महिने वाढतात. जन्मतःच मोठा गडद डाग असलेलं पिल्लू मानकात बसत नाही. गंमत अशी की, अशा डागवाल्यांत बहिरेपणा कमी आढळतो, तरी निवड त्यांच्या विरोधात होत आली. या जातीत बहिरेपणा बराच असल्याने सहाव्या आठवड्यानंतर प्रत्येक पिल्लाची बीएईआर चाचणी, म्हणजे प्रत्येक कानाची श्रवणशक्ती यंत्राने वेगळी तपासणारी चाचणी, करून घ्या. टाळी वाजवून एका कानाचा बहिरेपणा कळत नाही.

प्रश्न : डॅशहुंडचे पाय आखूड, पण पाठ लांब. जिना चढू द्यावा का? आणि मिनिएचर म्हणून घेतलेला मोठा झाला, फसवणूक झाली का?

उत्तर : आधी पाठ. आखूड पाय एफजीएफ४ जनुकाच्या जास्तीच्या प्रतींमुळे येतात. एक प्रत १८व्या गुणसूत्रावर असते, तिचा शोध २००९ मध्ये लागला. दुसरी १२व्या गुणसूत्रावरची, ती २०१७ मध्ये सापडली. ही दुसरी पाय आखूड करतेच, शिवाय मणक्यांमधल्या चकत्या कोवळ्या वयातच कडक करते. अशी चकती तिसऱ्या ते सातव्या वर्षाच्या दरम्यान फुटून मज्जारज्जूवर दाब आणण्याचा धोका सर्वांत जास्त. वजन आटोक्यात ठेवणं हे मालकाच्या हातातलं पहिलं काम. सोफ्यावरून उडी टाळा, उतरंडीची फळी लावा, उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा पार्श्वभागाखाली. मागचे पाय लडखडले किंवा ओढत चालला, तर तासांचा हिशेब असतो, सकाळची वाट पाहू नका.

मिनिएचरबद्दल : ब्रिटिश केनेल क्लब वजनावर गट पाडतं, एफसीआय छातीच्या घेरावर, आणि तोही कुत्रा वयात आल्यावर मोजून. त्यामुळे पिल्लाच्या वयात दिलेलं गटाचं नाव हा अंदाजच असतो. 'टीकप' या नावाला मात्र कोणत्याही प्रमुख संस्थेच्या मानकात जागा नाही. ती पिल्लं म्हणजे सर्वांत बारकी निवडून वाढवलेली. चार तास पोटात काही गेलं नाही तरी त्यांची रक्तातली साखर उतरून झटके येऊ शकतात.

प्रश्न : मोठ्या जातीच्या नराची नसबंदी कधी करावी? वाढ खुंटते असं ऐकलं.

उत्तर : खुंटत नाही, लांबते. ग्रोथ प्लेट बंद होण्याचा इशारा लैंगिक संप्रेरकांकडून मिळतो. तो लवकर काढून घेतला तर प्लेट उशिरा बंद होतात आणि पाय किंचित लांब होतात. छोट्या जातींच्या प्लेट साधारण सहा ते आठ महिन्यांत बंद होतात, मोठ्यांच्या वर्षाच्या आसपास किंवा पुढे, अवाढव्य जातींच्या दीड-दोन वर्षांत. गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्डमध्ये वर्षाच्या आत नसबंदी केलेल्यांना सांध्यांचे विकार जास्त आढळले, छोट्या जातींत असा फरक दिसला नाही. म्हणून मोठ्या नरासाठी वर्ष ते दीड वर्ष थांबणं आम्हाला योग्य वाटतं. मादीच्या बाबतीत गर्भाशयातला पू आणि स्तनांच्या गाठी हे धोके तराजूच्या दुसऱ्या पारड्यात असतात, तिचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

खुब्याचा अधिकृत एक्स-रेही त्याच भुलीत उरकता येतो, पण वय जुळायला हवं. एफसीआयच्या पद्धतीत किमान १२ महिने, अवाढव्य जातींना १८. अमेरिकेतल्या ओएफए या संस्थेचं खुब्याचं अंतिम प्रमाणपत्र २४ महिन्यांआधी मिळत नाही.